चार बाय दोनच्या प्लायवर जपानी खेड्यातली रेल्वे

मॉडेल रेल्वे मांडायला जागा चार फूट बाय दोन फूटच असेल तर शिंकान्सेनचा, म्हणजे जपानी बुलेट ट्रेनचा, मोह आवरा. 16 डब्यांची गाडी एन स्केलमध्येही (खऱ्याच्या साधारण 1:150 ते 1:160 मापात) अडीच मीटर भरते आणि इथला सगळा फेरा पावणेतीन मीटरचा. त्यापेक्षा किहा 40 घ्या. 1977 ते 1982 मध्ये बांधलेला हा डिझेल डबा एकटाच धावतो. 1:150 मध्ये लांबी साधारण 142 मिमी. एकेरी रूळ, एक फलाट, एक डबा, हे जपानी खेड्याचं खरं चित्र आहे. घेताना मोटर असलेलाच डबा मागा; तसाच दिसणारा बिनमोटरचाही मिळतो.

सांगली असो की सातारा, प्लायच्या दुकानात 12 मिमीचा 8 बाय 4 चा शीट कापून द्यायला सांगा. खाली दोन बाय एक इंची पट्ट्यांची चौकट हवीच, नाहीतर पावसाळ्यात प्लाय बाक धरतो आणि रुळांचे सांधे उघडतात.

रूळ काटो या जपानी कंपनीचे युनिट्रॅक: 249 मिमी त्रिज्येचे 45 अंशांचे आठ तुकडे, 248 मिमीचे सरळ चार, 124 मिमीचे दोन. फेरा साधारण 1145 बाय 525 मिमी होतो आणि चारही बाजूंना बोट-दोन बोटं मोकळी राहतात. एवढ्याशा फेऱ्यात चढ घालू नका. टोमिक्स या दुसऱ्या कंपनीचे रूळ यांना थेट जुळत नाहीत, म्हणून एकाच कंपनीचे घ्या. फलाट फक्त सरळ भागातच ठेवा, वळणावर डब्याचा कोपरा त्याला घासतो.

रुळांना 12 व्होल्ट डीसी लागतो. कंट्रोलरचा (गाडीचा वेग कमी-जास्त करणाऱ्या पेटीचा) ॲडॉप्टर जपानचा असेल तर आधी लेबल वाचा. इनपुट नुसतं 100 व्होल्ट लिहिलं असेल तर आपल्या 230 वर तो जळणार. मध्ये स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लावा. मातीकाम करण्याआधी गाडी तासभर फिरवून बघा. दर वेळी एकाच जागी अडकली तर तिथला जॉइनर (दोन रूळ जोडणारी पत्री) बहुधा सैल आहे. कुठेही अडखळत असेल तर बहुधा रूळ मळलेत: कापडावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पुसा. पॉलिश पेपर लावूच नका, ओरखड्यांत पुन्हा मळ बसतो.

आता भाताची खाचरं, या लेआउटचा जीव. पायऱ्या 5 मिमी सनबोर्डच्या, म्हणजे खऱ्या मापात पाऊण मीटर. जावळी-पाटणकडची खाचरं नीट बघून घ्या, बांधाची वळणं तिथं कळतात. एक फरक मात्र पाळा: जपानात लावणी यंत्राने होते, ओळी दोरीत असतात, 30 सेंमीवर. आपल्या मापात 2 मिमी. हिरव्या ब्रशचे केस तसेच रोवा. तळ आधी गडद तपकिरी रंगवा, मग पाण्यासाठी क्लिअर वार्निशचे पातळ हात द्या. प्रत्येक हात पूर्ण वाळल्यावरच पुढचा. एकदम जाड ओतलं तर वरून साय धरते, आत चिकट राहतं. भर पावसात हे काम काढूच नये.

कृष्णाकाठची काळी माती इथं चालत नाही, फेविकॉलचं पाणी सुकताना तिला तडे जातात. महाबळेश्वरकडची तांबडी माती चहाच्या गाळणीतून चाळून घ्या. माती असो वा क्रश सँड, पसरण्याआधी कागदावर ओतून त्यावरून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं लोहचुंबक दोन-तीनदा फिरवा. आपल्या काळ्या दगडात चुंबकाला चिकटणाऱ्या लोहखनिजाचे बारीक कण असतात. चुंबकाला काळी लव चिकटलेली दिसेल. ती काढली नाही तर मोटरचं चुंबक ती ओढून घेतं आणि डबा बंद पडू शकतो.