क्लाउड सीआरएमची तुलना करताय? या चुका टाळा

भोसरी, चाकण, कोल्हापूर किंवा साताऱ्याच्या एमआयडीसीत आठ-दहा सेल्सवाले घेऊन धंदा करणारे बरेच मालक आता सीआरएम, म्हणजे ग्राहक, इन्क्वायरी आणि फॉलोअप एका जागी नोंदवणारं सॉफ्टवेअर, घ्यायच्या विचारात आहेत. क्लाउड सीआरएम म्हणजे ते इंटरनेटवरून वापरायचं. इन्क्वायरी इंडियामार्टवरून येते, व्हॉट्सॲपवर येते, प्रदर्शनात जमवलेल्या कार्डांवर असते, आणि कोटेशन कोणाला गेलं हे एखाद्याच्याच डोक्यात असतं. तो नोकरी सोडून गेला की पार्ट्याही हातच्या जातात. म्हणून सीआरएम घ्यायलाच हवं. घोळ होतो तो निवडताना.

झोहो, फ्रेशसेल्स, सेल्सफोर्स, हबस्पॉट, पाइपड्राइव्ह, लीडस्क्वेअर्ड अशी नावं शीटवर आडवी मांडायची, खाली फीचर्स लिहायची आणि टिका मोजायच्या, ही पहिली आणि सगळ्यांत महागात पडणारी चूक. अशा तक्त्यात जवळजवळ प्रत्येक रकान्यात टिक येते, मग निर्णय दरावर किंवा ज्याचा सेल्समन जास्त चिकाटीचा त्याच्यावर होतो. त्यापेक्षा गेल्या महिन्यातली एक खरी ऑर्डर घ्या. पहिला फोन, साइट व्हिजिट, दोनदा बदललेलं कोटेशन, पीओ (ग्राहकाची लेखी ऑर्डर), ॲडव्हान्स, हे सगळं प्रत्येक सॉफ्टवेअरच्या ट्रायलमध्ये तसंच्या तसं भरा. बदललेलं कोटेशन जुन्याच्या शेजारी दिसतं का? फॉलोअपची आठवण मोबाइलवर येते का? शेडमध्ये नेटवर्क नसताना नोंद होते का? ट्रायल साधारण दोन आठवड्यांची असते, एवढ्याला ती पुरते. मात्र भरणारा माणूस सेल्समधलाच हवा. मालकाने किंवा आयटीवाल्याने करून पाहिलेली ट्रायल काहीच सांगत नाही.

ट्रायलसाठी सगळी ग्राहक यादी पाच ठिकाणी चढवू नका, पन्नास नावं पुरेत. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा 2023 मध्ये झालेला आहे आणि ग्राहकांच्या माहितीची जबाबदारी तुमच्यावर येते. न घेतलेल्या ट्रायलमधला डेटा पुसून खातं बंद करा.

आता दर. वेबसाइटवर मोठ्या अक्षरात दिसतो तो बहुधा एका युजरचा, एका महिन्याचा आणि वर्षाचे पैसे एकदम भरले तरचा असतो. समजा तो 1,000 रुपये आहे आणि माणसं आठ. वर्षाचे झाले 96,000, त्यावर 18 टक्के जीएसटी 17,280, म्हणजे 1,13,280 रुपये. कंपनी परदेशातून डॉलरमध्ये बिल देत असेल आणि तुमचा जीएसटी नंबर असेल, तर कर रिव्हर्स चार्जने तुम्हालाच भरावा लागतो. इनपुट क्रेडिट मिळतं, पण अकाउंटंटला आधी सांगितलेलं बरं. शिवाय व्हॉट्सॲपचे मेसेज त्याची मालक कंपनी मेटा हिच्या दराने वेगळे मोजले जातात. एसएमएससमोर टिक असली तरी दूरसंचार नियामक ट्रायच्या 2018 च्या नियमांप्रमाणे डीएलटीवर, म्हणजे मोबाइल कंपन्यांच्या नोंदणी पोर्टलवर, हेडर (पाठवणाऱ्याचं नाव) आणि टेम्पलेट (मेसेजचा मजकूर) नोंदवल्याशिवाय मेसेज जात नाहीत. झोहोची तीन युजरांपर्यंतची फुकट आवृत्ती लहान दुकानाला चालून जाते, पण चौथा माणूस आला की काय दर लागेल ते आजच बघून ठेवा.

डेमोत हमखास विचारलं जातं, ‘कॉल रेकॉर्ड होतात ना?’ उत्तर ‘हो’ मिळतं आणि घेतल्यावर होत नाहीत. यात तुमच्या फोनचा दोष नसतो. गुगलने मे 2022 पासून प्ले स्टोअरवरच्या इतर ॲप्सना ॲक्सेसिबिलिटी परवानगी (मुळात अपंगांच्या सोयीसाठीची) वापरून कॉल रेकॉर्ड करायला बंदी केली. त्यामुळे रेकॉर्डिंगचा भरवशाचा मार्ग म्हणजे एक्झोटेल किंवा मायऑपरेटरसारख्या क्लाउड टेलिफोनीचा, म्हणजे इंटरनेटवरच्या सर्व्हरमधून कॉल जोडणाऱ्या सेवेचा, नंबर, आणि त्याचं बिल वेगळं. डेमो देणाऱ्याला विचारा, ‘माझ्या सेल्समनच्या स्वतःच्या सिमवरचा कॉल आत्ता रेकॉर्ड करून ऐकवा.’

घेतल्यानंतर सगळ्यांत जास्त रडगाणं असतं ते जुना डेटा चढवतानाचं. दोष सीआरएमला दिला जातो, पण मूळ बहुतेकदा एक्सेलमध्ये असतं. 91 लावलेला बारा आकडी मोबाइल नंबर साध्या सेलमध्ये 9.19822ई+11 असा दिसू लागतो. त्या अवस्थेत फाइल सीएसव्ही (सीआरएममध्ये चढवायची साधी मजकूर फाइल) म्हणून सेव्ह केली की जे दिसतंय तेच फाइलमध्ये जातं आणि मागचे आकडे कायमचे जातात. ही फाइल चढवली तर शेकडो पार्ट्यांचा नंबर एकसारखा होतो आणि सीआरएम त्यांना डुप्लिकेट समजून एकत्र करतं किंवा गाळून टाकतं. म्हणून सेव्ह करण्याआधी तो कॉलम निवडा, फॉरमॅट नंबर ठेवा, दशांश शून्य करा आणि पूर्ण बारा आकडे दिसतात का ते पाहा. मराठीत लिहिलेल्या नावांच्या जागी प्रश्नचिन्हं आली, तर साधा सीएसव्ही न घेता यादीतला ‘सीएसव्ही यूटीएफ-8’ हा प्रकार निवडा. फॉलोअपची तारीख 05/07 ची 7 मे झाली, तर इंपोर्टच्या पडद्यावर तारखेची पद्धत तपासा. मूळ एक्सेल मात्र हात न लावता बाजूला ठेवा.

डुप्लिकेट ओळखायला नावाचा आधार घेऊ नका. प्रवीण एकीकडे ‘आय’ने लिहिलेला असतो, दुसरीकडे दोन ‘ई’ने, तिसरीकडे देवनागरीत. मोबाइल नंबर हीच खूण ठेवा आणि सगळे नंबर आधी एकाच रूपात आणा, कुठे 0, कुठे 91 असं नको.

कोटेशनचे मेल ग्राहकाच्या स्पॅममध्ये जात असतील, तर सीआरएम बदलायच्या आधी डोमेनचं एसपीएफ आणि डीकेआयएम, म्हणजे मेल खरंच तुमच्याकडूनच आलाय हे पटवणाऱ्या सेटिंग्ज, लावून घ्या. वेबसाइट सांभाळणाऱ्याचं ते तासाभराचं काम आहे.

सेल्सवाले भरत नाहीत ही तक्रार कुठेही गेलात तरी ऐकू येईल. तिथे शिस्तीचं भाषण देण्याआधी फॉर्म उघडून बघा. पिनकोड, उद्योगाचा प्रकार, उलाढाल, स्रोत, उपस्रोत असे वीस रकाने सक्तीचे केलेले असतात. बाइकवर बसून कोण भरणार? सुरुवातीला नाव, नंबर, काय हवंय आणि पुढचा फोन कधी, एवढंच सक्तीचं ठेवा. भरलेली माहिती सोमवारच्या मीटिंगमध्ये पडद्यावर उघडून त्यावरच बोला, वेगळी एक्सेल मागू नका. वेगळी एक्सेल मागितलीत की दोन्हीकडे कोणी भरत नाही.

शेवटची चूक सही करतानाची. मुख्य ॲडमिन खातं सॉफ्टवेअर बसवून देणाऱ्या पार्टनरच्या किंवा एखाद्या कर्मचाऱ्याच्या खाजगी जीमेलवर उघडलं जातं. वाद झाला की चावी त्याच्याकडे. ते कंपनीच्या डोमेनवर, मालकाच्या ताब्यातल्या मेलवर उघडा. झोहोसारख्या सेवेत साइनअपच्या वेळी निवडलेल्या देशावर डेटा कुठे राहील हे ठरतं, तिथे घाई नको. आणि ट्रायल संपायच्या आत एक्सपोर्ट करून बघा. संपर्कांची यादी सगळेच देतात, पण तिच्यासोबत नोट्स, कॉलचा इतिहास आणि जोडलेली कोटेशनं बाहेर येतात का ते फाइल उघडून तपासा. येत नसतील तर पार्टनरकडून ते कसं मिळेल हे लेखी घ्या, आणि नूतनीकरण आपोआप होणार असेल तर ती तारीख अकाउंटंटच्या कॅलेंडरमध्ये महिनाभर आधीची टाकून ठेवा.