कांदा शेवटी

आमच्या स्वयंपाकघराच्या दाराआड एक जुनं कालनिर्णय अजून लटकतंय. डॉक्टरांनी सांगितलं होतं, रोज काय खाल्लं आणि पोट कसं राहिलं ते लिहून ठेवा. वही केली असती तर ती चार दिवसांत मुलांच्या दप्तरात गेली असती, म्हणून तारखेच्या चौकोनातच बारीक अक्षरात लिहीत गेले. पोट ढोलासारखं फुगलं, कळा आल्या, तीनदा धावावं लागलं की लाल टिंब. दोन महिन्यांनी पानं समोर धरली तर सगळीकडे गोवर उठल्यासारखी टिंबं, आणि मधूनच एक ओळ जवळजवळ कोरी. मंगळवारची.

मंगळवारी मी काही वेगळं खात नव्हते. वेगळं खायचे ते सोमवारी. सोमवारी आमच्याकडे शिवराक असतं. मासळी नाही हे सगळ्यांना ठाऊक, पण कांदा-लसूणही नसतो, हे इतकं अंगवळणी पडलेलं की माझ्या लक्षातच आलं नव्हतं. रविवारच्या तोणाकातला (कडधान्याच्या रश्श्यातला) कांदा सोमवारी त्रास द्यायचा आणि सोमवारचं साधं जेवण मंगळवार सुखाचा करायचं.

आम्ही गोव्यातल्या डिचोलीचे. घरात पाच माणसं: सासूबाई, आमचे हे, दोन मुलगे आणि मी. हे खाणीवर टिप्पर चालवायचे. २०१८ च्या मार्चमध्ये खाणी थांबल्या, आता शाळेच्या मुलांची व्हॅन चालवतात. म्हणजे बदामाचं दूध आणि परदेशी पिठाच्या पुड्या आमच्या यादीत बसणाऱ्या नव्हत्या. एकदा मोह झाला होता. एका खाजगी लॅबमध्ये रक्त देऊन ‘तुम्हाला काय सोसत नाही’ याची तपासणी केली. साडेसहा हजार रुपये गेले आणि हातात साठेक पदार्थांचा तक्ता आला. त्यात नारळ वर्ज्य, तांदूळ वर्ज्य. गोव्यात नारळ आणि तांदूळ सोडून माणसाने जगायचं कशावर? पुढे पोटाच्या डॉक्टरांनी तो तक्ता पाहून बाजूला सारला. त्या तपासणीत आयजीजी नावाची रक्तातली प्रतिपिंडं मोजतात. आपण एखादा पदार्थ नेहमी खातो एवढंच त्यातून कळतं, तो बाधतो की नाही ते कळत नाही. तुम्ही ते पैसे वाचवा.

आधी डॉक्टर, मग पातेलं. माझं निदान आयबीएस, म्हणजे चटकन बिथरणारं आतडं, असं झालं, पण त्याआधी सिलिअ‍ॅकची, म्हणजे गव्हातल्या ग्लूटेनने आतड्याला इजा होण्याच्या आजाराची, रक्ततपासणी झाली. ती करायची असेल तर तोवर गहू सोडायचा नाही. गहू सोडून गेलात तर तपासणी खोटीच ‘ठीक’ येऊ शकते. शौचातून रक्त, कारण नसताना घटणारं वजन, ताप, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब, यांतलं काही असेल तर स्वयंपाकाच्या युक्त्या बाजूला ठेवा आणि आधी दवाखाना गाठा.

मला जो ‘लो फॉडमॅप’ नावाचा आहार दिला तो ऑस्ट्रेलियात मेलबर्नच्या मोनाश विद्यापीठात तयार झालेला. कांदा, लसूण, गहू यांत फ्रुक्टान नावाची साखळीसाखर असते. ती कोणाच्याच लहान आतड्यात पचत नाही. मोठ्या आतड्यात गेली की तिथले जंतू तिच्यावर ताव मारतात आणि वायू होतो. बाकीच्यांना पत्ता लागत नाही, माझं आतडं मात्र बोंब मारतं. कडधान्यांतली साखर, दुधातलं लॅक्टोज, आंबा-कलिंगडातलं जास्तीचं फ्रुक्टोज, फ्लॉवर, आळंबी, आणि गोव्यात राहून सांगायला लाज वाटते, काजूसुद्धा याच गोतावळ्यातले.

यादी ऐकून रडू आलं होतं. मग हिशेब समजला. रायबंदरहून चोडणला जाणारी फेरीबोट बघा. एक स्कूटर चढली तर काही होत नाही. गाड्या आणि स्कूटरींची लांब रांग एकदम आली की काही गाड्यांना धक्क्यावरच थांबावं लागतं. माझं पोट तसं आहे. चहातलं थोडं दूध एकटं चालतं. तेच दूध, दोन पाव, वर वाटाण्याची भाजी आणि संध्याकाळी कलिंगड असं झालं की बोट भरली. म्हणून ‘हे मला कधीच चालत नाही’ असा शिक्का घाईने मारू नका. त्याच दिवशी आणखी काय चढलं होतं ते बघा.

आता मुख्य गोष्ट. माझ्यासाठी वेगळा स्वयंपाक करायचा नाही. सुरुवातीला मी दोन-दोन भाज्या करत होते. गॅस सिलिंडर आठ दिवस आधी संपला आणि मी त्याच्याही आधी. आता सगळ्यांचं एकच पातेलं, आणि कांदा शेवटी. भाजी, आमटी, जे काही असेल ते कांदा-लसणाशिवाय शिजवायचं. माझी वाटी काढून घ्यायची. मग छोट्या कढल्यात तेल तापवून कांदा किंवा ठेचलेली लसूण चांगली लाल करायची आणि ती फोडणी बाकीच्यांच्या पातेल्यावर ओतून झाकण मारायचं. पाच मिनिटांचं काम आहे. मुलांना वास हवा असतो, तो वरच्या फोडणीतून जास्तच येतो. एक सांभाळा: कांदा घातलेला डाव माझ्या वाटीत परत बुडवायचा नाही.

लसणीचा वास मलाही हवा असतो. त्याला वाट आहे. फ्रुक्टान पाण्यात विरघळतं, तेलात नाही. म्हणून कोरड्या कढईत नुसतं तेल, त्यात अख्ख्या पाकळ्या, मंद आचेवर बदामी होईपर्यंत. मग पाकळ्या सगळ्या वेचून काढायच्या (धाकटा त्या मीठ लावून खातो) आणि त्या तेलात फोडणी करायची. आमटीत पाकळ्या टाकून नंतर काढल्या तर उपयोग नाही. तोवर जे उतरायचं ते पाण्यात उतरलेलं असतं. हे तेल बाटलीत भरून ओट्यावर ठेवू नका, लसूण मुरलेल्या तेलात विषारी जंतू वाढू शकतात. लागेल तेवढंच करा. हिंगही कांद्याची उणीव बरीच भरून काढतो. मात्र डबीतल्या हिंगात बहुधा पीठ मिसळलेलं असतं. मला तेवढ्याने काही होत नाही, पण सिलिअ‍ॅक असेल त्याने डबी वाचून घ्यावी.

हे सगळं मी मोठा शोध लागल्यासारखं सासूबाईंना सांगत होते. त्या नारळ खवत बसल्या होत्या. म्हणाल्या, “कांदो कित्याक जाय? तिरफळां आसात न्हय?” कांदा कशाला हवा, तिरफळांचा मसाला आहे ना! आणि खरंच, तिरफळाचं हुमण (माशांची आमटी), उडमेथी, फुटी कढी (बिननारळाची, सोलांची), आपलं निम्मं जेवण जन्मापासूनच बिनकांद्याचं. कांदा-खोबरं भाजून वाटायची सवय मी माहेरहून आणली होती.

बांगड्याची उडमेथी आमच्याकडे आठवड्यातून एकदा ठरलेली. पाच जणांना पाच मध्यम बांगडे पुरतात. स्वच्छ करून, तुकडे करून मीठ लावून ठेवायचे. चमचाभर खोबरेल तेलात पाव चमचा मेथी टाकायची. ती गुलाबी झाली की लगेच चमचाभर उडीद डाळ, चमचाभर तांदूळ आणि दोन चमचे धणे. मेथी काळी पडू दिलीत तर सगळं पातेलं कडू होतं, आणि मग नवऱ्याचं तोंडही. अर्ध्या नारळाचं खोबरं, सहा-सात ब्याडगी मिरच्या, अर्धा चमचा हळद आणि लहान लिंबाएवढी चिंच घेऊन भाजलेल्या जिनसांसकट बारीक वाटायचं. वाटण पातेल्यात काढून पाणी घालून उकळी आणायची. सात-आठ तिरफळं, आतलं काळं बी काढून, थोडी ठेचून वरून सोडायची. तिरफळ वाटायचं नाही, उग्र होतं. मग बांगडे आणि मीठ. पाच-सात मिनिटांत शिजतात. चमच्याने ढवळू नका, पातेलं धरून हलवा. बंद केल्यावर कच्च्या खोबरेलाची धार. उडीद असतो, पण पाच जणांत चमचाभर, तेवढा माझ्या बोटीत मावतो. सोमवारी हीच कढी बांगड्याऐवजी आंबाडे घालून होते. मग चिंच कमी आणि गुळाचा खडा.

मासळीत यातली कुठलीच साखर नाही, म्हणून तारले आणि बांगडे माझे खरे मित्र. इसवण (सुरमई)-पापलेटाकडे आम्ही बघतही नाही. १ जून ते ३१ जुलै ट्रॉलरबंदी असते, तेव्हा बांगडासुद्धा परवडत नाही. त्यासाठी मे महिन्यात म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून पुरुमेंत, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, करून ठेवते: खारे बांगडे, चिंच, सोलं, मिरच्या. पावसात अंडी घालून तेच वाटण वापरते. भाजी फलोत्पादन महामंडळाच्या गाड्यावरून, तिथे सरकारी सवलतीचा भाव असतो. भेंडी, वांगी, काकडी, गाजर, बटाटे मला सोसतात. वांगं-भेंडीही मी वाटीभरच घेते, ढीग नाही.

डाळ सोडली नाही. पाच माणसांच्या घरात डाळ सोडून महिना निघत नाही. तूर आणि चणाडाळ कमी केली, मूगडाळ वाढवली. रात्री भिजत घालायची, ते पाणी फेकायचं, नव्या भरपूर पाण्यात शिजवायची आणि वरचं पाणी पुन्हा काढून टाकायचं. बाधणारी साखर त्या पाण्याबरोबर बरीचशी जाते. सासूबाईंना हे पाणी फेकणं अजून पटत नाही, “सत्व गेलं” म्हणतात. गेलं असेल थोडं. मी अर्धी वाटी वरण खाते, बाकीचे हवं तेवढं. आळसांदे आणि वाटाण्याचं तोणाक मुलांना हवंच असतं. ते रविवारी होतं आणि त्या दिवशी मी हुमण-भातावर राहते.

सकाळ सर्वांत कठीण. पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंगा वाजला की अजून जीव तुटतो. पावांतली पोळी असो, उंडा असो, शेवटी गहू. घरच्यांसाठी पाव येतो, त्याला मी काय करणार? माझ्यासाठी तांदळाच्या पिठाचं घावन, किंवा आदल्या रात्रीच्या उकड्या तांदळाची पेज आणि बरोबर भाजलेला खारा बांगडा. पेजेसारखं स्वस्त जेवण जगात नसेल. मी घावन घालू लागल्यावर मोठ्या मुलानेही पाव सोडला. त्याला घावन आवडतं म्हणून नाही, त्याला गरम काहीतरी कोणी वाढलेलं आवडतं.

इथे एक गोष्ट वेगळी काढून सांगते, कारण दोन्हींची गल्लत होते. धाकट्याला सुंगटांची, म्हणजे कोळंबीची, अ‍ॅलर्जी आहे. सुंगट खाल्लं की अंगावर गांधी उठतात, एकदा ओठ सुजले होते. तिथे माझा फेरीबोटीचा हिशेब चालत नाही. तिथे ‘थोडंसं’ नावाची गोष्टच नाही. सुक्या सुंगटांची किसमूर (खोबरं घातलेली कोशिंबीर) केलेला चमचासुद्धा त्याच्या ताटाला लागता कामा नये, सुंगट तळलेलं तेल परत वापरायचं नाही. म्हणून आमच्या घरात सुंगटं येणंच बंद. ह्यांना खायची असली तर ते मित्राकडे जातात आणि हात धुऊन घरी येतात. अ‍ॅलर्जीचा पदार्थ ‘जरा देऊन बघू’ असं घरी कधीच करू नका. श्वास लागला, गळा आवळल्यासारखा वाटला तर थेट इस्पितळ.

माझ्या यादीचं मात्र उलटं आहे, ती आयुष्यभर कडक पाळायची नसते. सगळं बंद हा प्रकार दोन ते सहा आठवडेच. त्याहून लांबवलं तर पोटातले चांगले जंतूही उपाशी राहतात आणि माणूस वाळतो. नंतर एकेक पदार्थ परत आणायचा: तीन दिवस, रोज थोडा वाढवत, बाकीचं जेवण साधं. मग दोन-तीन दिवस विश्रांती आणि पुढचा पदार्थ. शक्य असेल तर हे आहारतज्ज्ञाच्या नजरेखाली करा. मला दही परत मिळालं, अर्धा पाव मिळाला, मुगागाठी (मोडाच्या मुगाची भाजी) छोट्या वाटीने मिळाल्या. कांदा नाही मिळाला. कांद्याच्या पातीचा हिरवा भाग चालतो, तो मी बारीक कापून घावनात घालते.

गेल्या मे महिन्यात मानकुराद आंब्याची पाळी आली. पहिल्या दिवशी एक फोड, दुसऱ्या दिवशी दोन, तिसऱ्या दिवशी अर्धा आंबा. तिसऱ्या चौकोनात टिंब पडलं. म्हणजे माझ्या वाट्याला दोन फोडी. उरलेला आंबा मुलं खातात, आणि बाठा सासूबाई.