समुद्री टँकमधला जुना फिल्टर: या चुका टाळा

माझ्या मोठ्या समुद्री टँकला यंदा सतरा वर्षं झाली. तीनशे लिटरचा टँक, तळाला अंडरग्रॅव्हल फिल्टरची जाळीदार प्लेट, तिच्यावर तीन इंच क्रश्ड कोरल, म्हणजे कोरलचा भरड खडा, आणि चार कोपऱ्यांत चार उभ्या नळ्या. एअर पंपाचे बुडबुडे त्या नळ्यांतून पाणी वर उपसतात. बघायला येणारे आधी माशांवर खूश होतात आणि मग प्लेट दिसली की असा चेहरा करतात, जणू मी घरात कंदील लावून बसलोय. "हे अजून चालतं?" असा प्रश्न ठरलेला.

चालतं. बिघडतं ते बहुतेक वेळा आपल्या हाताने, आणि बिघडवण्याच्या तऱ्हा इतक्या ठरावीक आहेत की फोनवर समोरच्याचं पहिलं वाक्य ऐकलं की पुढचं मला सांगता येतं. ते वाक्य असतं: "काल सगळा टँक मस्त साफ केला आणि आज…"

एका दिवसात सगळं लख्ख करणं

या चुकीवर मी जरा जास्तच बोलणार आहे, कारण ती मी स्वतः केलेली आहे.

टँकचं सहावं वर्ष होतं. दोन दिवसांची सुट्टी मिळाली आणि डोक्यात आलं की एकदा मुळापासून सफाई करून टाकू. मासे बादलीत काढले. सगळं कोरल टबात काढून नळाखाली धरलं आणि पाणी स्वच्छ येईपर्यंत खळाखळा धुतलं. पहिली काही मिनिटं कॉफीसारखं पाणी निघत होतं आणि ते बघून मला कमालीचं समाधान वाटत होतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. प्लेट घासली, नळ्या घासल्या, निम्मं पाणी नवं भरलं. संध्याकाळी टँक असा चमकत होता की मी फोटो काढले.

दुसरा दिवस व्यवस्थित गेला. तिसऱ्या दिवशी सकाळी यलो टँग एका कोपऱ्यात भराभरा कल्ले हलवत उभा होता. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून होणाऱ्या विषारी अमोनियाची टेस्ट केली तर नळीतला रंग गडद हिरवा, म्हणजे अमोनिया चांगलाच चढलेला. त्यानंतर मी घाबरलेला माणूस जे जे करतो ते सगळं केलं. बाटलीतले बॅक्टेरिया ओतले, घाईघाईत मीठ कालवून पुन्हा पाणी बदललं, आणि "अशक्त झालेत" म्हणून माशांना वर खाऊही घातलं. ते खाणं म्हणजे आणखी अमोनिया. टँग संध्याकाळी गेला, एक डॅमसेल दुसऱ्या दिवशी. क्लाउनफिशची जोडी वाचली, ती माझ्या हुशारीमुळे मुळीच नाही. अमोनिया आणि त्यामागून चढलेलं नायट्राइट शून्यावर यायला पाच आठवडे लागले. त्यातल्या त्यात नशीब एवढंच की खाऱ्या पाण्यात क्लोराइड भरपूर असल्यामुळे नायट्राइट माशांना गोड्या पाण्याइतकं बाधत नाही.

झालं काय होतं ते सरळ आहे. अंडरग्रॅव्हलमध्ये फिल्टर म्हणजे प्लेट नसते, तिच्यावरचा खडा असतो. खड्याच्या प्रत्येक कणावर बॅक्टेरियांचा पातळ थर बसलेला असतो. त्यातले काही अमोनियाचं नायट्राइट करतात आणि दुसरे त्या नायट्राइटचं नायट्रेट. मी तो थर घासून, क्लोरिनच्या पाण्याने धुऊन गटारात सोडला. वरून त्याच संध्याकाळी तेवढेच मासे आणि तेवढंच खाणं परत दिलं.

आता माझी पद्धत अशी. खडा टँकबाहेर कधीच काढत नाही. तळाचे मनातल्या मनात चार भाग पाडलेत. पाणी बदलताना त्यातल्या एकाच भागात सायफनचं तोंड प्लेटला टेकेपर्यंत खुपसतो, गाळ वर चढताना दिसला की थांबतो, पाणी चहाच्या रंगाचं व्हायचं थांबलं की नळी चिमटून पुढे सरकतो. पंधरा दिवसांनी पुढचा पाव भाग. दोन महिन्यांत फेरी पूर्ण होते. ज्या दिवशी खड्याला हात लावला त्या दिवशी स्पंज, कॅनिस्टर (टँकबाहेरचा बंद डब्याचा फिल्टर), दुसऱ्या कशालाही हात लावायचा नाही. स्पंज धुवायचा तो टँकमधून काढलेल्या पाण्यात, दोनदा पिळून बास.

"एवढा वेळ कुणाला आहे?" असं विचारणारे असतात. त्यांनी कृपया गोड्या पाण्यातल्या गप्पीही पाळू नयेत.

याच चुकीचं आधुनिक रूप म्हणजे एका रविवारी प्लेट आणि खडा उपटून टाकणं आणि जागी लाइव्ह रॉक (बॅक्टेरिया वसलेले जिवंत खडक) आणि स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र) बसवणं. पद्धत चांगली आहे, माझं तिच्याशी भांडण नाही. १९६१ साली इंडोनेशियातल्या ली चिन एंग यांनी फक्त जिवंत खडक आणि हवेचे बुडबुडे यांवर समुद्री टँक चालवण्याची रीत मांडली होती, म्हणजे ती तुम्हाला वाटते तेवढी नवीही नाही. पण बदलायचंच असेल तर आधी खडक टँकमध्ये ठेवा, दोन-तीन महिने दोन्ही एकत्र चालू द्या आणि मग खडा पाव-पाव भागाने काढा. वर्षानुवर्षं प्लेटखाली साचलेला गाळ एका झटक्यात पाण्यात मिसळला तर काय होतं, ते बघायची हौस मला उरलेली नाही.

"मासे जिवंत आहेत, म्हणजे पाणी ठीक आहे"

हे दुसरं लाडकं वाक्य. विशेषतः ज्यांचा टँक सात-आठ वर्षं चाललाय त्यांचं.

एका ओळखीच्या गृहस्थांनी मला बोलावलं ते नवे मासे टिकत नाहीत म्हणून. जुने चार मासे ठणठणीत, पण नवा आणला की दुसऱ्या दिवशी उलटा. त्यांचा राग सगळा दुकानदारावर. टेस्ट केली. पीएच ७.६, अल्कलिनिटी, म्हणजे आम्ल पेलून पीएच टिकवण्याची पाण्याची ताकद, फक्त ३ डीकेएच (ती मोजायचं एकक), आणि नायट्रेटचा रंग तक्त्यातल्या शेवटच्या चौकटीच्याही पलीकडचा लाल. पाणी किती वेळा बदलता, विचारलं तर म्हणाले, "कमी झालं की भरतो ना." बाष्पीभवनाने कमी झालेलं पाणी भरणं आणि पाणी बदलणं यांत त्यांच्या लेखी फरकच नव्हता.

अमोनियाचं नायट्रेट होताना आम्ल तयार होतं आणि ते पाण्यातली अल्कलिनिटी खातं. एक ग्रॅम अमोनिया नायट्रोजनमागे कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात सात ग्रॅमहून थोडी जास्त. फिल्टर जितका चांगला चालेल तितकी ती रोज खर्च होणार. पाणी बदललं नाही तर पीएच हळूहळू घसरतो. जुने मासे त्या घसरणीबरोबर जुळवून घेत जातात. नवा मासा ८.२ च्या पाण्यातून थेट त्यात येऊन पडतो आणि मरतो. दुकानदार बिचारा निर्दोष.

"पण तळाला कोरलचा खडा आहे ना, तो पीएच सांभाळेल," हे उत्तर मला दर वेळी ऐकायला मिळतं. नाही सांभाळत. पीएच आठच्या खाली बराच गेल्याशिवाय तो खडा म्हणावा तसा विरघळत नाही, आणि जुन्या खड्यावर इतकी पुटं चढलेली असतात की नंतरही त्याचा फारसा उपयोग नसतो.

इथे उतावीळ माणूस आगीतून फुफाट्यात जातो. त्या गृहस्थांनी मी निघाल्यावर दोन दिवसांनी सत्तर टक्के पाणी एका दमात बदललं. जुन्या टँकमध्ये बॅक्टेरिया मंदावलेले असतात, थोडा अमोनिया साठलेला असतो, पण कमी पीएचला तो बहुतांशी अमोनियम रूपात, म्हणजे बराच निरुपद्रवी असतो. पीएच ७.६ वरून ८.२ वर नेला की त्यातला विषारी भाग साधारण साडेतीन पट होतो. नवे मासे मरत होते, आता जुन्यांतले दोन गेले.

असा टँक हाती आला तर मी दर तिसऱ्या दिवशी दहा टक्के पाणी बदलतो, महिनाभर, कंटाळा येईपर्यंत आणि आल्यावरही. अल्कलिनिटीसाठी साधा खायचा सोडा पुरतो. शंभर लिटरला तीन ग्रॅम टाकले की एक डीकेएच वाढते. दिवसाला त्याहून जास्त वाढवत नाही. सात ते नऊच्या मध्ये आली की थांबायचं. या महिन्यात नवा मासा आणायचा नाही, कितीही सुंदर दिसला तरी.

लाइट गेल्यावर, आणि त्याहून जास्त लाइट आल्यावर

एक ग्रॅम अमोनिया नायट्रोजन पचवायला बॅक्टेरियांना साडेचार ग्रॅमहून जास्त ऑक्सिजन लागतो. बंद कॅनिस्टरमध्ये प्रवाह थांबला की आतला ऑक्सिजन काही तासांत संपतो आणि आतलं पाणी सडायला लागतं. लाइट आली की लोक सुटकेचा श्वास सोडतात आणि कॅनिस्टर तसाच पुन्हा चालू होऊन ते सगळं टँकमध्ये ओकतो. दोन-तीन तासांहून जास्त बंद राहिला असेल तर आधी उघडा, आतलं पाणी फेका, मीडिया (आतला स्पंज वगैरे) टँकच्या पाण्यात हलवून घ्या, मग सुरू करा. सडक्या अंड्याचा वास आला तर तो हायड्रोजन सल्फाइड, विषारी वायू, त्यावर चर्चा नको.

आमच्या कंदिलाचा इथे एक फायदा आहे. बॅटरीवरचा छोटा एअर पंप नळीला जोडला की अंडरग्रॅव्हल चालू.

नळ्या मंदावतात, लक्षात येत नाही

पंपाचा पडदा ढिला होतो, हवेच्या तोंडाशी मीठ साचतं, आणि प्रवाह वर्षभरात इतका हळूहळू अर्धा होतो की रोज बघणाऱ्याला कळत नाही. मी दर महिन्याला नळीच्या तोंडाशी एक कप धरतो आणि किती सेकंदांत भरतो ते भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहितो. हसा हवं तर. हवेचं टोक नळीच्या अगदी तळाशी हवं आणि पाणी बाहेर पडायचं तोंड पृष्ठभागाच्या जवळ. नळी पाण्याच्या वर वीतभर काढून धबधबा करण्याची हौस असेल तर बुडबुड्यांची ताकद पाणी उंच चढवण्यातच संपते. पंप पाण्याच्या पातळीखाली ठेवणाऱ्यांनी एकतर्फी व्हॉल्व्ह लावावा, नाहीतर एक दिवस फरशी पुसावी.

बाकीचं थोडक्यात

खडकांचा डोंगर थेट खड्यावर रचू नका. त्याखालून पाणी जात नाही आणि तिथे काळे डाग पडतात. चार ठेंगण्या पायांवर उचलून ठेवा.

गोबी मासा किंवा पिस्टल कोळंबी यांच्यासारखे खणणारे प्राणी ठेवले की ते प्लेट उघडी पाडतात आणि सगळं पाणी त्याच भोकातून सोपी वाट धरतं. बाकीचा खडा मरतो. खड्याच्या मधोमध प्लास्टिकची जाळी अंथरून ठेवली की ते तिथेच थांबतात.

बायोबॉलना (बॅक्टेरिया वसण्यासाठी फिल्टरमध्ये ठेवायचे प्लास्टिकचे गोळे) "नायट्रेटचा कारखाना" म्हणून शिव्या देण्याची फॅशन आहे. नायट्रेट तुम्ही टाकलेल्या खाण्यातून येतं, बॉल आपलं काम करतात. त्यांच्या आधी फ्लॉस (गाळ अडवणारा कापसासारखा थर) लावा, तो आठवड्याला बदला, आणि काढायचेच असतील तर दर आठवड्याला मूठभर.

लाकडी एअर स्टोनवरचा (बुडबुडे काढणाऱ्या लाकडाच्या तुकड्यावरचा) जुना स्किमर "फेसच देत नाही" म्हणून फेकू नका. लाकूड बदला. दीड महिन्याहून जास्त ते बारीक बुडबुडे देत नाही.

पाणी पिवळं झालं म्हणून कार्बनची भली मोठी पिशवी एकदम टाकली तर पाणी दोन दिवसांत काचेसारखं होतं आणि टँकमधलं जिवंत कोरल अचानक वाढलेल्या उजेडाने पांढरं पडतं. आधी पाव मात्रा टाका.

औषध मुख्य टँकमध्ये नको म्हणजे नको. अँटिबायोटिक खड्यातल्या बॅक्टेरियांनाही मारू शकतं. तांबं चुनखडीच्या खड्यात जाऊन बसतं, त्यामुळे पाण्यात औषधाची मात्रा टिकत नाही आणि पुढे कोळंबी किंवा कोरल ठेवायची कायमची धास्ती राहते. आजारी माशाला वेगळी टाकी द्या, मग ती साधी प्लास्टिकची का असेना.

आणि एक काम जे जवळजवळ कुणीच करत नाही: प्लेटच्या खालची सफाई. सहा महिन्यांतून एकदा एअर पंप बंद करतो, उभ्या नळीतून बोटापेक्षा बारीक पाइप थेट प्लेटखाली सोडतो आणि सायफन लावतो. पहिल्यांदा कराल तेव्हा काय बाहेर येतं ते बघून दचकाल. एका दिवशी एकच नळी, बादलीभर गाळ निघाला की थांबायचं. हे करताना आमची म्हातारी क्लाउनफिश, त्या जोडीतली मादी, अजूनही दर वेळी येऊन माझ्या मनगटाला चावते, म्हणून मी त्या कोपऱ्याचं काम शेवटी ठेवतो.