जहाज कोणाच्या हुकमाखाली होतं? भारतीय नौदलाची जुनी अधिकारसाखळी कशी मांडायची

१९६१च्या गोवा मोहिमेवर लिहिताना ‘पश्चिम नौदल कमांडच्या जहाजांनी’ असं सहज लिहिलं जातं. वाक्य चूक आहे. त्या साली पश्चिम नौदल कमांड अस्तित्वातच नव्हती. आजोबांच्या कागदांवर ‘एच.एम.आय.एस.’ किंवा ‘फॉकिफ’ पाहून गोंधळणाऱ्यांचीही अडचण हीच असते: आजचा नकाशा कालच्या तारखेवर ठेवला जातो. म्हणून अधिकारसाखळीचा, म्हणजे कोण कोणाच्या हुकमाखाली होतं याचा, एकच मोठा तक्ता करू नका. प्रत्येक कालखंडाचा वेगळा कागद करा.

आधी तारीख

तारीख माहीत नसेल तर जहाजाच्या नावाआधीची अक्षरं पाहा. ‘आर.आय.एम.एस.’ असेल तर ते रॉयल इंडियन मरीनचं, म्हणजे १९३४च्या आधीचं. ‘एच.एम.आय.एस.’ (हिज मॅजेस्टीज इंडियन शिप) म्हणजे २ ऑक्टोबर १९३४ला रॉयल इंडियन नेव्ही झाल्यापासून २६ जानेवारी १९५० पर्यंत. त्यानंतर ‘आय.एन.एस.’. इथे पहिली ठेच लागते. १५ ऑगस्ट १९४७ला ही अक्षरं बदलली नाहीत, त्यामुळे ‘एच.एम.आय.एस.’ दिसलं म्हणजे कागद स्वातंत्र्यापूर्वीचाच, असं धरू नका.

दुसरी खूण नौदलप्रमुखाच्या पदनामाची. १९३४ ते १९४७ या काळात ‘फ्लॅग ऑफिसर कमांडिंग, रॉयल इंडियन नेव्ही’. १९४८पासून पदनामात ‘कमांडर-इन-चीफ’ येतं, आणि १९५५ साली ते गळून नुसतं ‘चीफ ऑफ द नेव्हल स्टाफ’ राहतं. हा बदल व्हाइस अॅडमिरल मार्क पिझी यांच्या कारकिर्दीत झाला, म्हणून त्यांचं नाव दोन्ही पदनामांसह सापडतं. ती छपाईची चूक नव्हे. पहिले भारतीय प्रमुख रामदास कटारी आले ते २२ एप्रिल १९५८ला.

पहिला कागद: १९३४ ते १९४७

सर्वांत वर नौदलप्रमुख लिहू नका. त्या काळी हिंदुस्थानचा कमांडर-इन-चीफ हा लष्कराचा सेनापती तिन्ही दलांच्या वर असे, आणि नौदलाचा फ्लॅग ऑफिसर त्याच्या हाताखाली. फेब्रुवारी १९४६च्या नाविकांच्या उठावाची साखळी अशी मांडावी लागते: वर कमांडर-इन-चीफ ऑचिनलेक, त्यांच्याखाली दिल्लीत व्हाइस अॅडमिरल गॉडफ्रे, त्यांच्याखाली मुंबईत फ्लॅग ऑफिसर बॉम्बे रिअर अॅडमिरल रॅटरे, आणि मग कुलाब्याचं ‘तलवार’. मुख्यालय १९४१ला मुंबईहून दिल्लीला हललं होतं. ‘मुंबई म्हणजे मुख्यालय’ हे गृहीत धरलं की रॅटरे आणि गॉडफ्रे यांची अदलाबदल होते. ही चूक फार वेळा दिसते.

‘तलवार’ हे जहाज नव्हतं. ती किनाऱ्यावरची सिग्नल शाळा होती. नौदलात किनाऱ्यावरच्या ठाण्यालाही जहाजाचं नाव देतात, आणि नावं पुन्हा वापरतात. पुढे ‘तलवार’ नावाच्या फ्रिगेट आल्या. ‘विक्रांत’ही दोन, १९६१ची आणि २०२२ची. म्हणून प्रत्येक नावापुढे साल आणि ‘जहाज’ की ‘किनारा’ हे लिहाच.

दुसरा कागद: १९४७ ते १९६८

वर नौदलप्रमुख. त्यांच्याखाली एका ओळीत, शेजारी-शेजारी, चार-पाच चौकोन: ताफ्याचा प्रमुख, मुंबईचा फ्लॅग ऑफिसर, कोचीनचा कमोडोर (तारांमध्ये ‘कॉमचिन’), विशाखापट्टणमचा पूर्व किनाऱ्याचा कमोडोर, कलकत्त्याचा नेव्हल ऑफिसर-इन-चार्ज. ताफा एकच होता. आधी त्याला स्क्वाड्रन म्हणत, पुढे ‘इंडियन फ्लीट’. त्याचा प्रमुख म्हणजे फ्लॅग ऑफिसर कमांडिंग इंडियन फ्लीट, बोलीत ‘फॉकिफ’.

फॉकिफचा चौकोन मुंबईच्या चौकोनाखाली काढू नका. मुंबईचा अधिकारी बंदर आणि किनाऱ्यावरची ठाणी पाहायचा. समुद्रातला ताफा थेट दिल्लीशी बांधलेला होता. डिसेंबर १९६१ला गोव्याच्या सागरी मोहिमेचं नेतृत्व रिअर अॅडमिरल भास्कर सदाशिव सोमण यांनी केलं ते फॉकिफ म्हणून. गोव्याजवळच्या अंजदीव बेटाकडे गेलेल्या ‘म्हैसूर’ आणि ‘त्रिशूल’ या जहाजांपासून निघालेली रेघ फॉकिफमार्गे कटारींपर्यंत जाते. मध्ये कोणी नाही. सोमण पुढे १९६२ला स्वतः नौदलप्रमुख झाले.

तिसरा कागद: १ मार्च १९६८ नंतर

ही तारीख लाल शाईने लिहा. या दिवशी पश्चिम आणि पूर्व नौदल कमांड उभ्या राहिल्या आणि प्रमुख व ताफा यांच्यामध्ये एक पायरी आली: फ्लॅग ऑफिसर कमांडिंग-इन-चीफ, म्हणजे ‘फॉक-इन-सी’. इंडियन फ्लीटचं नाव पश्चिमी ताफा झालं. तेव्हाचे नौदलप्रमुख अधर कुमार चॅटर्जी याच दिवशी पूर्ण अॅडमिरल झाले. त्याआधीचे प्रमुख व्हाइस अॅडमिरल किंवा, १९४७-४८च्या हॉल यांच्यासारखे, रिअर अॅडमिरलसुद्धा होते. म्हणजे हुद्द्यावरून पद ओळखायला गेलात तर फसाल.

पूर्वेला कमांड आली तरी वेगळा ताफा लगेच आला नाही. पूर्व ताफा १ नोव्हेंबर १९७१चा, युद्धाच्या जेमतेम महिनाभर आधीचा. ‘विक्रांत’ त्याआधीच पूर्वेकडे गेली होती. म्हणून १९६८ ते ऑक्टोबर १९७१ साठी वेगळा कागद लागतो. तो वाचवायला गेलं की पूर्व ताफा तीन वर्षं आधी जन्माला येतो.

डिसेंबर १९७१चा तक्ता भरून पाहिला की रचना डोळ्यांत बसते. दिल्लीत नौदलप्रमुख अॅडमिरल नंदा. पश्चिमेला व्हाइस अॅडमिरल कोहली, त्यांच्याखाली ताफ्याचे रिअर अॅडमिरल कुरुविला. पूर्वेला व्हाइस अॅडमिरल कृष्णन, त्यांच्याखाली रिअर अॅडमिरल शर्मा. चार, तीन, दोन तारे, अशी स्वच्छ उतरंड. कोचीनला तेव्हा ‘दक्षिण नौदल क्षेत्र’ होतं, पूर्ण कमांड नव्हे. ती १९७७ची.

दोन रेघा काढा

एका जहाजाला, आणि एका माणसालाही, बहुधा दोन वरिष्ठ असतात: लढाईचा हुकूम देणारा आणि पगार, बदली, प्रशिक्षण पाहणारा. पहिली रेघ अखंड, दुसरी तुटक. दोन्ही एकाच शाईत काढल्या की तक्ता वाचता येत नाही. महायुद्धात रॉयल इंडियन नेव्हीची जहाजं लढाईपुरती ब्रिटिश नौसेनापतींच्या हुकमाखाली जात. तिथे अखंड रेघ दिल्लीच्या बाहेर निघते, तुटक दिल्लीतच राहते.

नेमका हाच भेद लोणावळ्याला कळतो. ‘आय.एन.एस. शिवाजी’ महाराष्ट्रात आहे, मुंबईपासून दोन-अडीच तासांवर, पण ती अभियांत्रिकीची शाळा असल्यामुळे आज तिची रेघ कोचीच्या दक्षिण कमांडकडे जाते. मालाडजवळच्या ‘हमला’ या किनाऱ्यावरच्या ठाण्याचंही तेच. नकाशा पाहून कमांड ठरवली की इथे चूक होणारच.

घरातल्या नाविकाचा शोध घेत असाल तर आणखी एक गोष्ट. कागदावरचं ठाणं म्हणजे तो प्रत्यक्ष काम करायचा ती जागा, असं नाही. जहाजावर नसलेल्या माणसाचं नाव एखाद्या डेपोच्या पटावर असतं: मुंबईत ‘आंग्रे’, दिल्लीत मुख्यालयातल्या लोकांसाठी ‘इंडिया’. दिल्लीत फायली सांभाळणारा माणूस कागदावर ‘आय.एन.एस. इंडिया’वर दिसतो, आणि घरचे त्या नावाचं जहाज शोधत बसतात. नाविकांच्या सेवानोंदी मानखुर्दच्या चीता कॅम्पमधल्या ब्युरो ऑफ सेलर्सकडे असतात, मग जहाज कोणत्याही ताफ्यातलं असो. (‘आंग्रे’ हे नाव सरखेल कान्होजींचं आहे. ठाण्याला ते १९५१ला मिळालं. मराठा आरमाराची साखळी इथे जोडायचा मोह टाळा.)

अलीकडचे कागद

२००१ला अंदमान-निकोबार कमांड तिन्ही दलांची मिळून झाली. तिथली अखंड रेघ नौदलप्रमुखांकडे नेऊ नका. त्याआधी तिथे नौदलाचा ‘फॉर्टान’ (फोर्ट्रेस कमांडर, अंदमान-निकोबार) असे आणि त्याची रेघ नौदलाच्या आतच संपायची. तटरक्षक दल १९७८च्या कायद्याचं वेगळं दल आहे. २००९पासून कमांडच्या फॉक-इन-सींकडे किनारी संरक्षणाची जबाबदारी आहे, पण ती रेघ समन्वयाची, म्हणून तुटक.

तक्ता झाला की प्रत्येक चौकोनात अधिकाऱ्याचं नाव, रुजू झाल्याची आणि पायउतार झाल्याची तारीख लिहा. मग एक ठरावीक दिवस निवडा, समजा ४ डिसेंबर १९७१. कराचीवर हल्ला केलेल्या ‘निपात’ या क्षेपणास्त्र नौकेपासून दिल्लीपर्यंत बोट फिरवा. वाटेत त्या दिवशी पदावर नसलेलं एखादं नाव किंवा तेव्हा नसलेला एखादा चौकोन लागला, तर तो पान बदलायला विसरलेला कालखंड आहे.