घर शोधताना एजंट बदलताय? या चुका टाळा

ठाणे आणि नवी मुंबईतल्या घरांची अ‍ॅग्रीमेंट तयार करून नोंदणी करून देणं हे माझं रोजचं काम. त्यामुळे घेणारा, विकणारा आणि एजंट असे तिघंही माझ्या टेबलापाशी येतात आणि तिघांचीही गाऱ्हाणी ऐकायला मिळतात. त्यातलं एक इतक्यांदा ऐकलंय की आता लिहूनच काढते: "मॅडम, आम्ही एजंट बदलला आणि सगळं विस्कटलं."

एजंट बदलू नका असं मी कुणालाच सांगत नाही. त्याच्याशी काही जन्माची गाठ बांधलेली नसते. पण त्याने जी घरं दाखवली, जिथे जिथे तुमचं नाव आणि नंबर दिला, तो हिशेब एजंट बदलल्याने पुसला जात नाही. आधी तो उघडपणे मिटवायचा आणि मगच नव्या माणसाला फोन करायचा. लोक नेमकं उलटं करतात.

तोच फ्लॅट दुसऱ्या एजंटकडून पुन्हा बघणं

रिसेलचा फ्लॅट एकाच एजंटकडे क्वचितच असतो. मालक चार जणांना सांगतो, ते चौघं आपापल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकतात, आणि बघता बघता नौपाड्यापासून कासारवडवलीपर्यंत सगळ्यांच्या मोबाइलमध्ये त्याच हॉलचे तेच फोटो फिरू लागतात. म्हणून एजंट बदलला की आधी पाहिलेलं एखादं घर फिरून तुमच्यासमोर येणारच. त्यातून बरेच एजंट व्हिजिटच्या आधी बिल्डिंगचं नाव सांगत नाहीत. "पाचपाखाडीत टू बीएचके आहे, ओसी आहे, लिफ्ट आहे" एवढंच सांगतात (ओसी म्हणजे भोगवटा प्रमाणपत्र). गेटपाशी पोचल्यावर कळतं की अरे, हे तर आपण पाहिलंय. तिथे गप्प बसून वर जाणं ही चूक मी पुन्हा पुन्हा पाहते.

पाचपाखाडीतलंच एक प्रकरण सांगते. मालक निवृत्त गृहस्थ, मुलाकडे पुण्याला जायचं म्हणून फ्लॅट विकायला काढलेला. घेणारं जोडपं कळव्यात भाड्याने राहणारं, दोघंही नोकरीला, लोन मंजूर झालेलं. पहिल्या एजंटने घर दाखवलं आणि त्यांना ते आवडलं. मालक किमतीवर अडून होते. एजंटचं म्हणणं होतं, "काकांना आठवडाभर काही विचारू नका, मुलाशी बोलून ते आपणच खाली येतील." तो मालकांना चांगलं ओळखून होता. पण या दोघांना वाटलं, हा काही हालचालच करत नाही. त्यांनी पोर्टलवरून दुसरा एजंट गाठला. त्यानेही तेच घर सुचवलं, वर ब्रोकरेज अर्धंच घेईन म्हणाला. मग ऑफिसमधल्या कुणीतरी तिसऱ्याचा नंबर दिला. या दोन्ही नव्या एजंटांनी मालकांना फोन केले: "सर, पार्टी तयार आहे. नवरा-बायको दोघं नोकरीला आहेत, लोन सँक्शन झालंय."

आता मालकांच्या जागी बसून बघा. एका आठवड्यात तीन एजंट आणि तिघांकडेही तयार पार्टी. ही तिन्ही गिऱ्हाइकं म्हणजे एकच जोडपं आहे हे त्यांना कसं कळावं? त्यांनी किंमत पाच लाखांनी वाढवली. भाव वाढला तो या जोडप्याच्याच धावपळीने.

दुसऱ्या एजंटबरोबर ती दोघं पुन्हा दारात उभी राहिली तेव्हा काकूंनी लगेच ओळखलं. "अहो, तुम्ही तर परवा येऊन गेलात ना?" संध्याकाळपर्यंत पहिल्या एजंटच्या कानावर गेलं. सोसायटीच्या आवारात दोघा एजंटांची बाचाबाची झाली, सेक्रेटरींना खाली यावं लागलं. मालकांनी दोघांनाही हात जोडले आणि फ्लॅट त्याच बिल्डिंगमधल्या एका कुटुंबाला विकला, तोही वाढवलेल्या किमतीपेक्षा कमीत. अ‍ॅग्रीमेंटसाठी मालक माझ्याकडे आले तेव्हा हे सगळं त्यांनीच सांगितलं. म्हणाले, "मुलं चांगली होती हो. पण त्यांच्या वतीने बोलतंय कोण, तेच मला कळेना."

यावर लोक म्हणतात, आम्ही कुठे सही केली होती? भारतीय करार कायदा १८७२ चा आहे आणि त्यात तोंडी करारही करार ठरू शकतो. "उद्या ११ ला येतो, ब्रोकरेज एक टक्का ओके" असं तुम्ही व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलं असेल तर मग तो नुसता तोंडीही राहिला नाही. कोर्टापर्यंत कुणी जावो न जावो, टोकनच्या, म्हणजे बयाण्याच्या, दिवशी पहिला एजंट मालकाच्या घरी जाऊन बसला तर तेवढ्याने व्यवहार मोडतो. आणि हे सगळं कशासाठी? आपल्याकडे रिसेलला घेणाऱ्याकडून साधारण एक टक्का, काही ठिकाणी दोन टक्के ब्रोकरेज मागतात. हा दर बोलण्यात ठरतो, कायद्याने बांधलेला नाही. ८० लाखांच्या घरावर एक टक्का म्हणजे ८० हजार, एजंट जीएसटीत नोंदलेला असेल तर त्यावर १८ टक्के वेगळे. त्यातले निम्मे वाचवण्याच्या नादात घर हातचं घालवायचं?

माझ्याकडे सल्ल्याला येणाऱ्यांना मी पहिल्याच दिवशी एक वही करायला लावते. तारीख, सोसायटी, विंग, मजला, कुणी दाखवलं आणि मालकाने सांगितलेली किंमत, एवढंच लिहायचं. मोबाइलमध्ये लिहिलंत तरी चालेल. मला मात्र कागदी वहीच बरी वाटते, कारण ती गेटवर उघडून एजंटसमोर धरता येते. नव्या एजंटला पहिल्याच भेटीत यादी द्या: "ही घरं बघून झालीत, ही सोडून दाखवा." गेटपाशी कळलं तर तिथूनच मागे फिरा, आणि घर मनात भरलेलं असेल तर पहिल्या एजंटलाच फोन करा. तो कितीही नकोसा झाला असला तरी त्या घरापुरता तोच.

नव्या प्रकल्पात नाव कुणाच्या खात्यात आहे हे न विचारणं

घोडबंदर रोड, कोलशेत, बाळकुम या पट्ट्यात नव्या टॉवरच्या सेल्स ऑफिसात शिरलात की आधी मोबाइल नंबर मागतात, बहुधा ओटीपीही येतो, आणि विचारतात, "कुणामार्फत आलात?" तिथे ज्या चॅनेल पार्टनरचं (बिल्डरची घरं विकून देणाऱ्या एजंटचं) नाव पडतं, त्याच्या नावावर तुमचा नंबर टॅग होतो. हा टॅग किती दिवस टिकतो ते ज्या त्या बिल्डरच्या नियमावर. तुम्ही घरी बसून त्याच प्रकल्पाच्या जाहिरातीत नंबर भरला असेल तर तुमची नोंद 'डायरेक्ट' म्हणूनही झालेली असू शकते. मग नव्या एजंटबरोबर बुकिंगला जाता आणि सेल्सवाला स्क्रीनकडे बघून सांगतो की तुमचं नाव आधीच आहे.

इथे एजंटला पैसे बिल्डर देतो. एजंट बदलल्याने तुमचा खर्च कमी होत नाही. तरीही लोक बदलतात, कारण नवा म्हणतो, "माझ्या कमिशनमधला अर्धा वाटा तुम्हाला परत देतो." मला हा प्रकार अजिबात पटत नाही. ते वचन कुठेही लिहिलेलं नसतं, बिल्डरकडून कमिशन यायला महिने लागतात, आणि तोवर तो फोन उचलायचा बंद होतो. ज्याने घराबद्दल एक अक्षर न सांगता परतीच्या पैशांपासून सुरुवात केली, त्याच्याकडून घर घेऊ नका.

दुसरी युक्ती म्हणजे बायकोचा नंबर देऊन नवी पार्टी म्हणून जाणं. बुकिंग फॉर्मवर दोघांचे पॅन येतात, नावं जुळतात आणि सेल्स ऑफिसात अपमान होतो. त्यापेक्षा सरळ विचारा: "माझा नंबर कुणाच्या नावावर आहे?" बदलायचंच असेल तर प्रकल्पाच्या सेल्स विभागाला ईमेल करा, आधीच्या एजंटला कॉपीत ठेवा आणि लेखी उत्तर येईपर्यंत चेक देऊ नका.

नव्या प्रकल्पात एजंटचा महारेरा नंबरही तपासा, म्हणजे राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाकडचा त्याचा नोंदणी क्रमांक. रेरा, म्हणजे घरांच्या व्यवहारांचं नियमन करणारा कायदा, २०१६ चा. त्याच्या कलम ९ नुसार रेरात नोंदलेल्या प्रकल्पातली घरं विकणाऱ्या एजंटने स्वतःही नोंदणी केलेली असली पाहिजे. नसेल तर कलम ६२ खाली दिवसाला १० हजार रुपये, घराच्या किमतीच्या ५ टक्क्यांपर्यंत दंड आहे. २०२३ साली महारेराने एजंटांसाठी प्रशिक्षण आणि परीक्षाही सक्तीची केली. नंबर महारेराच्या साइटवर कुणालाही बघता येतो. तरी लोक नव्या एजंटची गाडी कोणती आहे ते बघतात आणि नंबर विचारत नाहीत.

दोन रविवारांत कंटाळणं

घर शोधायला लागून जेमतेम पंधरा दिवस होतात आणि लोक म्हणतात, "हा चांगली घरं दाखवतच नाही." तुमचं बजेट, तुम्हाला हवा असलेला भाग आणि कारपेट एरिया यांचा मेळच बसत नसेल तर दहा एजंट बदलून काय होणार? एजंट महाग सांगतोय असा संशय असेल तर नोंदणी विभागाच्या साइटवर ई-सर्चमध्ये त्या परिसराचे इंडेक्स टू (नोंदवलेल्या व्यवहारांचे गोषवारे) काढून बघा. तिथे नोंदवलेल्या व्यवहारांचे आकडे दिसतात. भाव खरंच तेवढेच निघाले तर अडचण एजंटची नाही. एवढा तासाभराचा अभ्यास न करता तिसऱ्या एजंटकडे धावणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो, कारण त्यात त्यांचंच वर्ष वाया जातं आणि तोवर भाडं चालूच राहतं.

भाग बदलला तरी एजंट तोच ठेवणं

ही उलट बाजूची चूक, आणि हीसुद्धा तितकीच दिसते. ठाण्यात घर शोधता शोधता लोक नेरुळ-खारघरकडे वळतात आणि ठाण्याच्याच ओळखीच्या एजंटला बरोबर नेतात. माणूस प्रामाणिक असतो, पण तिथले कागद त्याच्या हाताखालून गेलेले नसतात. नवी मुंबईत सिडकोची जमीन लीजवर असते. फ्लॅट हस्तांतर करताना बऱ्याचदा सिडकोची परवानगी लागते आणि हस्तांतर शुल्क भरावं लागतं. ते कोण भरणार हे टोकनच्या आधी ठरलं नाही तर शेवटच्या आठवड्यात भांडण होतं.

शिवाय नवी मुंबई म्हणजे एकच महापालिका नव्हे. ऐरोली ते बेलापूर नवी मुंबई महापालिकेत आणि ठाणे जिल्ह्यात येतं. खारघर, कामोठे, कळंबोली रायगड जिल्ह्यात आहेत आणि २०१६ पासून पनवेल महापालिकेत. घणसोली, कोपरखैरणेसारख्या ठिकाणी नोडमधली (सिडकोने आखलेल्या वसाहतीतली) बिल्डिंग कोणती, साडेबारा टक्के योजनेच्या (सिडकोने प्रकल्पग्रस्तांना परत दिलेल्या) भूखंडावरची कोणती आणि गावठाणातलं विनापरवाना बांधकाम कोणतं, हे तिथे रोज फिरणाऱ्याला बरोबर कळतं. बाहेरच्या एजंटला तीनही इमारती सारख्याच दिसतात, आणि बँकेने लोन नाकारलं की मग धावाधाव सुरू होते. भाग बदलला की तिथला एजंट घ्या आणि जुन्याला सांगून घ्या. एका भागाला एक एजंट अशी वाटणी उघडपणे केली तर कुणीही रागावत नाही.

फोन उचलणं बंद करणं

ब्लॉक करू नका, "गावी गेलोय" अशी थाप मारू नका. असा एक मेसेज पुरे: "नमस्कार, सध्या आम्ही दुसऱ्या एजंटबरोबर बघणार आहोत. तुम्ही दाखवलेली घरं पुढीलप्रमाणे. यातलं एखादं घेतलं तर तुमच्यामार्फतच घेऊ. मदतीबद्दल आभार." खाली यादी जोडा. पॅन-आधारच्या झेरॉक्स किंवा चावी त्याच्याकडे असेल तर तेव्हाच परत मागा.

प्रत्येक एजंटच्या लोनवाल्याला कागद देणं

लोनच्या प्रत्येक अर्जासाठी तुमचा सिबिल (कर्जफेडीच्या इतिहासाचा स्कोअर) तपासला जातो आणि थोड्या दिवसांत अशा बऱ्याच तपासण्या झाल्या तर स्कोअर घसरतो. बँकेत स्वतः जाऊन एकच सँक्शन लेटर घ्या आणि सगळ्यांना तेच दाखवा.

बदलायलाच हवा तेव्हा न बदलणं

ओसी मागितली की विषय बदलतो, टोकन मालकाऐवजी स्वतःच्या खात्यात मागतो, मालकाची भेट शेवटपर्यंत टाळतो, नव्या प्रकल्पात नोंदणीकृत करार होण्याआधीच १० टक्क्यांपेक्षा जास्त भरायला लावतो (रेराचं कलम १३ बिल्डरला ते घ्यायलाच मनाई करतं). यातलं एक जरी दिसलं तरी त्याच दिवशी बदला. "त्याने आमच्यासाठी इतकं फिरवलं" ही भीड इथे धरायची नाही. दिलेली टोकन रक्कम मात्र आधी लेखी परत मागा.

टोकनच्या दिवसापर्यंत दोन दावे लोंबकळत ठेवणं

एवढं करूनही दोन एजंट एकाच घरावर हक्क सांगायला आले तर टोकन देण्याआधी दोघांना एकत्र बसवा, मालकांसमोर. घर पहिल्यांदा कुणी दाखवलं आणि भाव कुणी जुळवला हे तिथेच बोलून घ्या. ठाण्यातले जुने एजंट अशा वेळी ब्रोकरेज निम्मं-निम्मं वाटून घ्यायला सहसा तयार होतात, कारण त्यांना एकमेकांबरोबर उद्याही काम करायचं असतं. जे ठरेल ते टोकनच्या पावतीवर दोन ओळींत लिहा: एकूण ब्रोकरेज किती, कुणाला किती आणि केव्हा. दोघांच्या सह्या घ्या. पैसे चेकने किंवा ट्रान्सफरनेच द्या, आणि मी तर सांगते, अ‍ॅग्रीमेंटची नोंदणी झाल्यावरच द्या.