जादुई वस्तू घेताना या चुका टाळा: 27,000 नाणी आणि एक तलवार

डंजन्स अँड ड्रॅगन्स, म्हणजे टेबलाभोवती बसून फासे टाकत पात्रं रंगवायचा खेळ. त्यात आठव्या लेव्हलचा फायटर (लढवय्या पात्र), हाताशी 27,000 सोन्याची नाणी. आमच्या टेबलावरच्या एका मित्राने त्यातली 18,350 एका +3 ग्रेटस्वोर्डवर (+3 म्हणजे तीनचा जादुई बोनस) घातली, 5,650 ची +2 फुल प्लेट घेतली आणि राहिलेली किरकोळीत उडवली. पात्राची शीट बघायला झकास दिसत होती. पहिल्याच मोहिमेत दोन हार्पी (गाऊन भुलवणाऱ्या उडत्या राक्षसिणी) भेटल्या. त्यांच्या गाण्याला विल सेव्ह (मन ताब्यात ठेवायची फाशाची परीक्षा) 16 लागते आणि या गड्याची विल होती नुसती +2, म्हणजे वीस बाजूंच्या फाशावर 14 किंवा वर पडायला हवं. पडले 6. तलवार म्यानात ठेवून साहेब गाण्याच्या दिशेने चालत सुटले. मोहिनी उतरली तेव्हा हार्पी वर हवेत आणि याच्याकडे धनुष्यच नाही. उरलेली लढाई त्याने खाली उभं राहून बघितली.

मी इथे डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या साडेतीन आवृत्तीचे, म्हणजे 2003 च्या नियमांचे आकडे धरतोय. त्यात प्रत्येक वस्तूला छापील किंमत आहे आणि लेव्हलगणिक किती सोनं असावं याचा तक्ताही आहे: पाचव्याला 9,000, आठव्याला 27,000, दहाव्याला 49,000. पाथफाइंडरची पहिली आवृत्ती याच घडणीची, त्यामुळे बहुतेक हिशोब तिथेही चालतो.

बोनस सरळ वाढतो, किंमत वर्गाने

मित्राचं घोडं इथेच पेंड खात होतं. शस्त्राची किंमत म्हणजे बोनसचा वर्ग गुणिले 2,000. +1 ला 2,000, +2 ला 8,000, +3 ला 18,000. चिलखत, ढाल आणि क्लोक ऑफ रेझिस्टन्स (सेव्ह वाढवणारा झगा) यांना वर्ग गुणिले 1,000. म्हणजे पहिला +1 स्वस्तात पडतो आणि नंतरचा प्रत्येक आधीच्यापेक्षा महाग.

एसीचं, म्हणजे शत्रूचा वार चुकवणाऱ्या आकड्याचं, उदाहरण घ्या. ढाल वापरणाऱ्याने चिलखत थेट +4 केलं तर 16,000 जातात. त्याऐवजी चिलखत +1 (1,000), ढाल +1 (1,000), रिंग ऑफ प्रोटेक्शन +1 (2,000) आणि अॅम्युलेट ऑफ नॅचरल आर्मर +1 (2,000) घेतलं, तर एसी तेवढाच चारने वाढतो आणि खर्च होतो 6,000. मास्टरवर्क (जादू चढवण्याजोगं उत्तम घडणीचं) करायचे दीडशे-दीडशे वेगळे: चिलखताचे दोन्हीकडे लागतातच, ढालीचे फक्त दुसऱ्या पर्यायात.

आता मित्राची तलवार. +3 ऐवजी +1 घेतली असती तर 2,350 त भागलं असतं आणि गेले असते फक्त दोन टू-हिट (वार लागायचा बोनस) आणि दोन डॅमेज. वाचलेल्या 16,000 मध्ये क्लोक ऑफ रेझिस्टन्स +3 (9,000), ती अंगठी आणि तो ताईत (मिळून 4,000), हँडी हॅवरसॅक ही जादुई पाठपिशवी (2,000), उडण्याचं एक पोशन (750) आणि ताकदीला थोडा वाव देणारं कंपोझिट लाँगबो (200) एवढं सगळं येतं, वर 50 नाणी शिल्लक. विल +5 झाली असती, हार्पीसमोर 14 ऐवजी 11 पुरले असते.

म्हणून दुकानात शिरताना ‘परवडणारी सगळ्यात भारी वस्तू कोणती’ असं विचारू नका. ‘पुढच्या हजारात काय येतं’ हे विचारा.

एकाच जातीचे दोन बोनस

रिंग ऑफ प्रोटेक्शनमध्ये डिफ्लेक्शन जातीचा बोनस आहे आणि क्लेरिक (पुजारी पात्र) दर लढाईत शील्ड ऑफ फेथ हा मंत्र टाकतो, त्यातही डिफ्लेक्शनच. दोन्ही जोडले जात नाहीत, मोठा तेवढा लागू होतो. ताकद वाढवणाऱ्या गॉन्टलेट्स ऑफ ओगर पॉवरचा +2 आणि बुल्स स्ट्रेंग्थ मंत्राचा +4 यांचंही तेच: बेरीज सहा नाही, चारच. शीटवर एखादा आकडा अपेक्षेपेक्षा जास्त दिसला की मी आधी प्रत्येक बोनससमोर त्याची जात लिहायला सांगतो. दहापैकी आठ वेळा चूक तिथेच सापडते. (हा आकडा माझ्या टेबलापुरता आणि चिडून सांगितलेला.)

शेजारी फुकट देतो ते विकत घेणं

मंकला (नुसत्या हातांनी लढणारा साधू) चिलखत घालता येत नाही, म्हणून तो ब्रेसर्स ऑफ आर्मर +4 (चिलखताचं काम करणारे मनगटपट्टे) साठी 16,000 साठवत बसतो. पार्टीतल्या (खेळाडूंच्या चमूतल्या) विझार्डकडे, म्हणजे जादूगाराकडे, मेज आर्मर असतं: पहिल्या पातळीचा मंत्र, तोच +4, दर कास्टर लेव्हलला (मंत्र टाकणाऱ्याच्या लेव्हलला) एक तास आणि दुसऱ्याला हात लावूनही टाकता येतो. आठव्या लेव्हलचा विझार्ड सकाळी एकदा टाकतो आणि दिवसभराच्या भटकंतीचं काम होतं. विझार्ड स्लॉट (दिवसाच्या मंत्रांपैकी एकाची जागा) द्यायला कुरकुर करत असेल तर मंकने 1,000 ची पहिल्या पातळीची पर्ल ऑफ पॉवर घेऊन त्यालाच द्यावी. तो खर्चलेला मंत्र रोज परत मिळवेल, कुरकुर थांबेल आणि मंकचे 15,000 वाचतील. ही युक्ती मला फार आवडते, कारण नवख्याला आपल्या पैशाने दुसऱ्याच्या शीटवर वस्तू घ्यायचं सुचतच नाही.

शस्त्रांनाही हेच लागू. क्लेरिक किंवा विझार्ड रोज ग्रेटर मॅजिक वेपन हा मंत्र टाकत असेल तर दर चार कास्टर लेव्हलला +1 आपोआप मिळतो. मग तलवार +1 वरच ठेवून पुढचा पैसा फ्लेमिंगसारख्या (शस्त्राला आग देणाऱ्या) गुणात घालावा. पण पार्टीत असा कुणी नसेल तर हा सल्ला विसरा.

‘हिट पॉइंट भरायलाच सगळं सोनं जातं’

पोशन घेताय का? जखमा भरणाऱ्या क्युअर लाइट वूंड्स मंत्राचं पोशन 50 ला, सरासरी साडेपाच हिट पॉइंट (पात्राचा जीव) भरतं, म्हणजे पॉइंटाला नऊच्या आसपास. त्याच मंत्राची वाँड (मंत्र भरलेली कांडी) 750 ला, 50 चार्ज, एकूण सरासरी 275 पॉइंट, पॉइंटाला पावणेतीन. ‘मोठी वाँड जास्त फायद्याची’ असं वाटून 4,500 ची क्युअर मॉडरेटची घ्याल तर 600 पॉइंट मिळतात, पॉइंटाला साडेसात. लढाई चालू असताना छोटी वाँड तोकडी पडते हे खरं, पण दोन लढायांच्या मधे तिच्याइतकं स्वस्त दुसरं काही नाही. फक्त ती वापरणारा हवा: मंत्र ज्याच्या क्लासच्या यादीत आहे असा कुणी, उदाहरणार्थ पहिल्या लेव्हलचा पॅलाडिनसुद्धा (धर्मयोद्धा). नाहीतर यूज मॅजिक डिव्हाइस या कौशल्याला 20 आणावे लागतात.

गळा एक, ताईत तीन

अॅम्युलेट ऑफ हेल्थ, अॅम्युलेट ऑफ नॅचरल आर्मर आणि पेरिआप्ट ऑफ विस्डम, तिघंही गळ्यात. क्लेरिकला तिन्ही हवे असतात आणि स्लॉट (इथे अंगावरची जागा) एकच. सॉर्सररचा (करिश्म्यावर जादू करणाऱ्याचा) घोळ खांद्यावर: क्लोक ऑफ करिश्मा आणि क्लोक ऑफ रेझिस्टन्स. एकाच वस्तूत दोन गुण घालता येतात, पण स्वस्त गुणाची किंमत दीडपट होते. 4,000 चा पेरिआप्ट आणि 4,000 चा हेल्थ मिळून 10,000. डीएमला (खेळ चालवणाऱ्याला) विचारून घ्या, आणि आधीच विचारा. पाथफाइंडरने 2009 मध्ये शरीराचे गुण पट्ट्यात आणि बुद्धीचे हेडबँडमध्ये टाकून ही कटकट बरीच मिटवली.

धातूंबद्दल थोडक्यात. साडेतीनमध्ये +5 तलवारसुद्धा वेअरवुल्फच्या चांदीच्या डीआरला (चांदीशिवाय इतर शस्त्रांचं डॅमेज कमी करणाऱ्या कवचाला) भेदत नाही, आणि एकहाती शस्त्राला चांदी चढवायला फक्त 90 नाणी लागतात. कोल्ड आयर्नचं साधं शस्त्र दुप्पट किमतीत येतं. दोन्ही पाठीवर असू द्या.

पुस्तकातल्या तक्त्यांतलं किमतीचं सूत्र लावून स्वतःची वस्तू बनवणाऱ्यांना माझं उत्तर ठरलेलं आहे: नाही. ‘कायम चालू ट्रू स्ट्राइक मंत्र, +20 टू-हिट, फक्त काही हजारांत!’ असं म्हणत दरवर्षी कुणीतरी येतंच. शस्त्राच्या सूत्राने तोच +20 आठ लाखांवर जातो. ते तक्ते अंदाजासाठी आहेत, आधी जवळच्या छापील वस्तूशी तुलना करायची असते.

पाचव्या आवृत्तीत (2014) खेळत असाल तर सोन्यापेक्षा अॅट्यूनमेंट (वस्तूशी पात्र जोडून घेणं) जपा, एका वेळी तीनच. तिथे क्लोक ऑफ प्रोटेक्शन आणि रिंग ऑफ प्रोटेक्शन दोन्ही एसीला आणि सेव्हला +1 च देतात, तरी क्लोक अनकॉमन आणि अंगठी रेअर, म्हणजे जास्त दुर्मीळ. गॉन्टलेट्स ऑफ ओगर पॉवर ताकद थेट 19 करतात, म्हणून आधीच 20 असलेल्या फायटरला त्यांचा काडीचा उपयोग नाही.

आणि चूक करून बसला असाल तर? विक्रीला निम्मी किंमत मिळते, म्हणून आम्ही सहसा जुनं ठेवून पुढच्या लुटीतून भोकं बुजवतो. मित्राला मात्र धीर नव्हता. तलवार विकून 9,175 आले. त्यातून +1 ची ग्रेटस्वोर्ड 2,350, क्लोक +2 ला 4,000, अंगठी 2,000, उडण्याचं पोशन 750. हिशोब करून 75 उरले. साध्या लाँगबोची किंमत बरोबर 75 आहे.