मुलांसोबत गप्प चाला

मुलाने प्रश्न विचारला की आपण लगेच उत्तर देतो, आणि प्रश्न तिथेच संपतो. मला त्याचं वाईट वाटायचं. म्हणून मुलीला घेऊन दर शनिवारी संध्याकाळी सहाला जुहूच्या समुद्रकिनाऱ्यावर चालायला लागले. तुम्हीही करून पाहा.

आधी जागा आणि वेळ ठरवा, मग ती बदलू नका. डार्विनही घरामागच्या एकाच पायवाटेवर वर्षानुवर्षं फेऱ्या मारत विचार करायचा. रोज नवी बाग दाखवली तर मूल फक्त बघत राहतं. तीच जागा असली की काय बदललं ते कळतं.

मग पहिली वीस मिनिटं कुणीच बोलायचं नाही. हे मोठ्यांनाच जड जातं. "तो बघ खेकडा!" अगदी ओठांवर येतं, पण तो मुलालाच सापडू द्या. ओहोटीला ओल्या वाळूवर बारीक गोळ्यांची नक्षी दिसते. चिमुकले खेकडे वाळूतलं खाणं काढून घेतात आणि उरलेली वाळू गोळी करून टाकतात. पावलांच्या हादऱ्याने ते बिळात शिरतात, म्हणून उकिडवं बसा, हलू नका. माझी मुलगी आधी म्हणाली, "मुंग्यांनी केलंय." मी एवढंच विचारलं, "कशावरून?" तिसऱ्या शनिवारी खेकडा बाहेर आला आणि तिने स्वतःचं म्हणणं स्वतःच खोडलं.

घरी आल्यावर वहीत तारीख, पाणी कुठवर होतं आणि चंद्राचा आकार लिहायला सांगा. एका शनिवारी पाणी लांब, पुढच्या शनिवारी त्याच वेळी जवळ, हे कोडं आपोआप पडतं. भरती रोज सुमारे 50 मिनिटं उशिरा येते, कारण पृथ्वीची फेरी होईतो चंद्र पुढे सरकलेला असतो. आपल्या किनाऱ्यावर तिथीच्या आकड्याची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात: अष्टमीला, म्हणजे आठच्या पाऊणपट, साधारण सहा वाजता. कॅलेंडरमधली तिथी बघून मुलांना हा हिशोब ताडून पाहू द्या.

पावसाळ्यात, विशेषतः उधाणाला, वाळूवर उतरू नका.

शेवटी कल्पनेला वाव देणारा एक प्रश्न विचारा, आणि उत्तराची घाई करू नका. मी विचारलं, "चंद्रच नसता तर?" मुलगी बराच वेळ चालत राहिली, मग म्हणाली, "भरतीच आली नसती." सूर्यही पाणी ओढतो, चंद्राच्या निम्म्याहून थोडं कमी. ते मी तिला अजून सांगितलेलं नाही.